शेजारच्या आसनावर कोण

चंद्रपूर, ३ डिसेंबर

आचल,

तुझा निरोप पोचला. फेब्रुवारीत कॅल्गरीला यावे, तिकीट बिझनेस क्लासचे असेल, तीन विमान कंपन्यांपैकी मला रुचेल ती मी निवडावी. त्यात प्रश्न नाही, आग्रह नाही, कारणही नाही. केवळ सोय आहे.

मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. धूर दिसला की अग्नी कोठे आहे हे पाहायचे, ही माझी वृत्ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. सात वर्षांपूर्वी तू नागपुरात जिशानशी नोंदणी विवाह केलास. त्यास मी आले नाही. त्या निर्णयावर मी पुन्हा चर्चा करणार नाही. तेव्हापासून आपल्यात दिवाळीचा एक फोन आणि आयतची छायाचित्रे एवढाच व्यवहार आहे. नात पाच वर्षांची झाली आणि मी तिचा आवाज केवळ यंत्रातून ऐकला आहे. अशा आईला मुलीने आडवे झोपवून समुद्रापार न्यावे, हा फार दाट धूर आहे.

शक्यता मी तपासल्या. तुला दुसरे मूल होणार असून घरात दाई हवी आहे. अथवा माझ्या प्रकृतीविषयी कोणी काही कळवले आहे. ते असत्य आहे. रामाळा तलावाभोवती माझी सकाळची फेरी आजही तरुणांना मागे टाकते. अथवा तुला आपल्यातील अंतर उंची गादीने भरून काढायचे आहे. तिसरी शक्यता मला सर्वांत अपमानास्पद वाटते.

मी बोडीच्या तळ्यात जाळे टाकणाऱ्या मनसारामची मुलगी आहे. मला कोणी काही फुकट दिलेले नाही, म्हणून फुकट आलेल्या वस्तूची मी उलटतपासणी करते. निवड मागितली आहेस, ती मी करीन. तपासणीनंतर.

रंभा

चंद्रपूर, १४ डिसेंबर

आचल,

तपासणीचा पहिला अहवाल.

आखाती कंपनी प्रत्येक प्रवाशाला दार असलेली स्वतंत्र खोली देते. आसन पूर्ण आडवे होते, वर गादी अंथरली जाते, जेवण हवे तेव्हा मागता येते. छायाचित्रातील स्त्री त्या शय्येवर ऐसपैस पसरलेली आहे; मात्र ती स्त्री मुद्दाम ठेंगणी निवडलेली आहे आणि भिंग रुंद वापरले आहे, हे ताटलीच्या लांबट झालेल्या आकारावरून उघड होते. शय्येची लांबी मी कंपनीला पत्राने विचारली. उत्तरात मला ‘आदरणीय पाहुण्या’ असे संबोधून शुभेच्छा आल्या. लांबी आली नाही.

पूर्वेकडून जाणाऱ्या कंपनीची आसने तिरकस बसवलेली आहेत. शय्या खांद्यापाशी प्रशस्त आणि पायापाशी घुशीच्या बिळाएवढी अरुंद होते. पाय त्या बिळात सरकवून ठेवायचे आणि झोपेत कूस बदलली की गुडघा आपटायचा. या रचनेला ते ‘कोषासारखी ऊब’ म्हणतात.

युरोपीय कंपनीचे विमान जुने आहे. आसने जोडीजोडीने, मध्ये ना भिंत, ना पडदा. खिडकीकडच्या प्रवाशाला उठायचे असेल तर शेजाऱ्याच्या पायांवरून उडी मारावी लागते. अनोळखी माणसाचा श्वास रात्रभर कानावर. ती मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवली आहे, कारण चौथा क्रमांक नाही.

परीक्षणे लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बहुतेकांना फुकट प्रवास मिळालेला असतो. म्हणून प्रत्यक्ष साक्षीदार शोधले. भूपेश तुला आठवत असेल, माझा विद्यार्थी, आता मोहर्लीच्या प्रवेशद्वाराजवळ एका रिसॉर्टचा व्यवस्थापक आहे. ताडोब्याला येणारे त्याचे परदेशी पाहुणे याच वर्गाने येतात. मी रविवारी न्याहारीच्या वेळी जाऊन तेथे बसले आणि एका वृद्ध डच गृहस्थाला विचारले की आखाती कंपनीच्या शय्येवर त्यांना पाठीखाली फट जाणवली काय.

“मॅडम,” भूपेश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “पाहुणे वाघ पाहाले आले हायेत, तुमची तोंडी परीक्षा द्याले नाई.”

“वाघ सकाळी दिसला का त्यांना?”

“नाई दिसला.”

“मग वेळ आहे त्यांच्यापाशी.”

ते गृहस्थ सौजन्याने म्हणाले की बसल्याबरोबर झोप लागली, उतरताना जाग आली, शय्येविषयी काहीच आठवत नाही. त्यांच्या पत्नीला सर्व आठवत होते, कारण तिला क्षणभर झोप लागली नव्हती. म्हणजे या विषयात पुरावा मिळणे तत्त्वतःच अशक्य आहे. ज्याला आठवते तो झोपला नाही आणि जो झोपला तो साक्ष देऊ शकत नाही.

तूर्त आखाती कंपनी प्रथम. दारामुळे.

रंभा

चंद्रपूर, २२ डिसेंबर

आचल,

एक प्रश्न. सरळ उत्तर दे.

तू आखाती कंपनीत माझे आसन धरून ठेवलेस आणि ते बदलण्याची मुभा मला दिलीस. आसनांचा नकाशा मी रोज पाहते. मी मधल्या जोडीतील डावे आसन घेतले, तेव्हा उजवे रिकामे होते. दुसऱ्या दिवशी ते गेले. योगायोग, म्हणून मी दोन ओळी मागे सरकले. तेथेही शेजार भरला आणि आधीचे आसन मात्र मोकळे झाले.

मग मी सापळा लावला. विमानातील सर्वांत निकृष्ट जागा निवडली, शेवटच्या ओळीत, स्वच्छतागृहाच्या दाराला लागून. शहाणा माणूस पैसे देऊन तेथे झोपणार नाही. सकाळी पाहते तो शेजारचे आसन घेतलेले. जो मनुष्य माझ्या पाठोपाठ स्वच्छतागृहापर्यंत येतो तो सहप्रवासी नव्हे. तो कोणाचा तरी हस्तक आहे.

तो कोण, हे मला आज कळले. भूपेशच्या रिसॉर्टला लग्नसराईत मांडव, खुर्च्या, गाद्या वडशाहून येतात. आज फोनवर तो सहज म्हणाला, “मॅडम, तुमच्या विहीणबाई बी कॅनडाले चालल्या म्हने. सीझनच्या ऐन मधात! धंदा कोनावर सोडून राह्यल्या काय मालूम.”

तर जिशानची आई अमिनाबाई माझ्या शेजारी झोपणार आहे. नवरा बाबूभाई गेल्यापासून वडशाचा बिछायतीचा व्यवसाय तीच चालवते एवढेच मला तिच्याविषयी ठाऊक आहे, आणि यापेक्षा अधिक जाणून घेण्याची इच्छा मी कधी व्यक्त केलेली नाही. मला आता तुझा बेत स्पष्ट दिसतो. दोन बायकांना एका खोक्यात बंद करायचे, बाहेर आकाश, पळायला जागा नाही. आणि उतरतील त्या गळ्यात गळे घालून. हे झाडीपट्टीतल्या नाटकाच्या तिसऱ्या अंकाला शोभते. माझ्या मुलीला शोभत नाही.

उत्तराची वाट पाहणार नाही. मी वडशाला जाऊन समोरासमोर विचारणार आहे.

रंभा

चंद्रपूर, ३ जानेवारी

आचल,

मी काल वडशाला जाऊन आले.

दुपारची वेळ होती. गावात जिकडेतिकडे नाटकांची पत्रके, कंपन्यांची कार्यालये, टेम्पोत चढणारे पडदे. अमिनाबाईंचे दुकान शोधावे लागले नाही. गाद्यांची चळत रस्त्यापर्यंत आलेली होती. आत ती त्याच चळतीवर उताणी पडली होती. अंगावर शाल, कानाला फोन, आणि लाल खुर्च्या नेणाऱ्या माणसांवर झोपल्या झोपल्याच ओरडणे चाललेले. मला पाहून तिने फोन ठेवला, पण उठली नाही.

विहीण प्रथमच दारात आली असता कोणी लोळत राहत नाही. कोणत्याही जातीत नाही, कोणत्याही धर्मात नाही. मी उंबऱ्यावरच थांबले.

“या, या, विहीणबाई! मी उठत नाई, राग नोका मानू.”

“राग मानायला मी अजून बसलेलीही नाही.”

“मंग बसा ना! अख्ख्या झाडीपट्टीले बसवाचा धंदा हाये आपला. तुमाले जागा नाई भेटनार का?” तिने हाताने गादी दाखवली. “सात वर्सं लागले तुमाले. चंद्रपूरची गाडी तं रोज येते वडशाले.”

मी बसले नाही. “माझ्या शेजारचे आसन तुम्ही का घेता?” मी विचारले.

“मी कुठी घेतो? जिशान घेते. तुमी हलल्या का तो मले हलवते. त्या दिवशी म्हने, अम्मी, सासूबाई संडासापाशी जाऊन बसल्या, आता तुले बी तिथीच टाकतो.” ती हसू लागली आणि मध्येच ओठ दाबून थांबली. हसणे तिच्या पाठीला सोसत नव्हते. मला ते तेव्हा कळले नाही. मला तो कांगावा वाटला.

मग तिने शेजारणीला हाक मारली. “ठमाबाई, कूस!” ठमाबाई चहा आणायला गेली होती. अमिनाबाईंनी माझ्याकडे पाहिले. “तुमीच हात द्या जरा. एक कमरेखाली, एक खांद्याले. ओढू नोका, लोटा.”

मी ओढले.

“या अल्ला! फळा पुसून राह्यल्या का? लोटा म्हनलं ना!”

मी लोटले. तिचे शरीर एका लाकडासारखे, सबंध, माझ्या हातावरून वळले. त्या वजनाखाली माझे मनगट काही क्षण अडकले होते आणि तिचा चेहरा माझ्या इतका जवळ होता की तिने डोळे मिटून वेदना गिळलेली मला दिसली. त्यानंतर मी बसले.

पावसाळा संपताना ती पडली. “ट्रकावरून गाद्या उतरवता उतरवता मीच उतरली,” ती म्हणाली. “दहा गाद्या खाली पडल्या होत्या, पन मी पडली ते सडकेवर. नशीब पाहा, गादीवालीले गादी नाई भेटली.” बसणे अगदी थोडा वेळ जमते. चालणे जमते, कोणाला धरून. पडून असले की दर थोड्या वेळाने कूस बदलावी लागते आणि ती स्वतःची स्वतः बदलता येत नाही. मार्चमध्ये नागपूरचे डॉक्टर पाठीत सळया घालणार आहेत.

“मंग चालाले येईन का नाई, तो बी सांगत नाई,” ती म्हणाली. “जिशानचे कागद अटकले हायेत, तो देश सोडून येऊ शकत नाई. म्हनलं, त्याच्या आंधी एक डाव लेकाचं घर पाह्यतो. आपल्या पायानं आत शिरून. डॉक्टर म्हने जाय, पन झोपून जाय, आन एकटी नोको जाऊ. कूस बदलाले मानूस पाह्यजे. आचल म्हने, माही मम्मी येते संगं. तवाच मी हो म्हटलं.”

ठमाबाई चहा घेऊन आली. अमिनाबाई माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

“तुमाले मालूमच नोतं,” ती हळू म्हणाली. “काऊन नाई सांगतलं पोरीनं?”

“तिला विचारा.”

“मंग राहू द्या, विहीणबाई. जबरदस्तीची सोबत कोनाच्या कामाची? नाई जात मी. पोरगा फोनवर दिसतेच ना.”

तिने हे इतक्या सहज म्हटले की मला पुन्हा संशय आला. निकराची मागणी माणसे अशीच सहज मागे घेतात. पण नंतर तिने ठमाबाईला शाल तोंडावर ओढायला सांगितली, आणि दुकानातल्या माणसांना खुर्च्या हळू उचलायला.

तर, आचल, माझे अनुमान बरोबर होते, हेतू होताच. फक्त मी त्याच्या मध्यभागी नव्हते. आडव्या शय्येची गरज तिच्या पाठीला होती आणि माझे तिकीट त्या गरजेला जोडलेले होते. मी तीन कंपन्यांच्या गाद्या, दारे, थाळ्या तोलत बसले आणि तू मला परिचारिका म्हणून नेमत होतीस. मुलाच्या आईची सेवा मुलीच्या आईने करायची, ही जुनी रीत मी माझ्या व्याख्यानांतून झोडपत आले. ती तू मला विमानात बसवून पाळायला लावणार होतीस, न सांगता.

माझे आसन मी आज सोडून दिले आहे.

रंभा

चंद्रपूर, ११ जानेवारी

आचल,

तुझे उत्तर एका ओळीचे: ‘ठीक आहे, नागपूरच्या संस्थेतून अम्मींना सोबतीण देते.’ तू विनवणी केली नाहीस. हा खरोखरच तुझा निर्णय आहे की मला डिवचण्याचा डाव, हे मी ठरवू शकले नाही. म्हणून संस्थेचा क्रमांक मागितला आणि काल फोन केला. रीता नावाची सोबतीण. आवाज तरुण, स्वर फार गोड. मला गोड स्वराची भीती वाटते.

“काळजीच करू नका मॅडम, आम्ही खूप पेशंट नेले आहेत.”

“विमानात तुम्ही कोठे बसाल?”

“मी मागे, इकॉनॉमीत. संस्थेचा नियमच आहे.”

“आणि त्या?”

“पुढे, त्यांच्या केबिनमध्ये. दार पण आहे ना त्याला, एकदम प्रायव्हेट.”

“त्यांना कूस बदलायची झाली तर?”

“बेल असते ना मॅडम. बेल दाबली की एअर होस्टेस येईल, ती मला निरोप देईल, मी पुढे येईन. परवानगी मिळाली तर.”

“बेल कोणत्या बाजूला असते?”

“ते… आसनावर अवलंबून आहे.”

“त्या ज्या बाजूला वळू शकत नाहीत त्या बाजूला असली तर?”

“मॅडम,” ती म्हणाली, आणि गोडवा प्रथमच कमी झाला, “तुम्ही पेशंटच्या कोण?”

मी फोन ठेवला.

त्यानंतर मी नकाशा पुन्हा उघडला. ज्या दाराला मी पहिला क्रमांक दिला, त्या दाराआड ती स्त्री उताणी पडलेली असेल. बेलेपर्यंत हात पोचणार नाही. पोचला तर एक जण दुसऱ्याला सांगेल, दुसरा तिसऱ्याला, आणि पडद्यापलीकडून कोणी येईल, परवानगी मिळाली तर. एखादे काम करायचेच नसेल तर ते इतक्या सुबक रीतीने टाळता येते, हे मी विद्यापीठाच्या समित्यांतही पाहिले नव्हते.

संस्थेला होकार कळवू नकोस. मी अजून काही म्हटलेले नाही. फक्त थांब.

रंभा

चंद्रपूर, २३ जानेवारी

आचल,

दुसरा आणि अंतिम अहवाल. सूचना जशाच्या तशा अंमलात आण.

आखाती कंपनी रद्द. दार हे एकट्या आणि धडधाकट माणसाचे सुख आहे. पूर्वेकडची कंपनी रद्द. त्या बिळात तिचे पाय अडकले तर वळताना कंबर पिळेल. युरोपीय कंपनी घे. तेथे दोन आसनांच्या मध्ये भिंत नाही. मधला टेकायचा हात खाली जातो काय, असे मी त्यांना विचारले होते. त्यांनी दोन वाक्यांत होय असे कळवले आणि शुभेच्छा दिल्या नाहीत. तिला खिडकी द्यायची, मला मार्गिका. स्वयंपाकघरापासून दूर, कारण भांड्यांच्या आवाजाने ती दचकते आणि दचकणे तिला महाग पडते. मधल्या थांब्याचा वेळ मोठा नको, आणि विमानाबाहेर बसने नेणारा विमानतळ तर मुळीच नको. आसने आज जोडून घे. मी आता हलणार नाही, जिशानला सांग.

हे मी तुझ्यासाठी करीत नाही. तू मला सरळ विचारले असतेस तर मी नकार दिला असता; तू ते अचूक ओळखलेस. तरीही लपवणे योग्य ठरत नाही, आणि हा मुद्दा मी तिकडे आल्यावर मांडणार आहे. तयारी ठेव.

वडशाला मी मधल्या काळात पुनःपुन्हा गेले. प्रथम अमिनाबाईंना वाटले की मी नकार सांगायला आले. मी बाही वर केली आणि ठमाबाईला म्हटले, शिकवा. तिचे शिकवणे साधे आहे: करून दाखवते आणि मग पान खात बसते. मूल्यमापन विहीणबाई करतात. पहिल्या दिवशी, “मास्तरीन, मी पोतं नोहो.” दुसऱ्या दिवशी, “आता जरा मानसासारखं वाटून राह्यलं.” आणि परवा, मी तिला न दुखवता वळवले तेव्हा, “पास झाल्या, पन काठावर.” माझ्या आयुष्यात मी काठावर कधी उत्तीर्ण झालेले नाही. मी पुन्हा करून दाखवले.

तिने मला विचारले की विमानात जेवायला काय देतात. मी यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, “हे समदं उष्टं सोडाचं जेवन हाये. मी जवसाची चटनी घेतो.” विमानतळावर कोणते पदार्थ चालतात याची मी चौकशी करीत आहे. ते तिच्या भरवशावर सोडता येणार नाही.

उतरल्यावरच्या गोष्टी. विमानातून बाहेर येईपर्यंत चाकाची खुर्ची असेल. तुमच्या दाराशी ती सोडायची. ती आत पायांनी जाणार आहे. जिशानने उचलण्याचा आगाऊपणा करू नये. मी डाव्या बाजूला असेन, तो उजव्या बाजूला असेल, आणि घाई कोणी करायची नाही.

आणि आयत. मुले धावत येतात. विमानतळावर तिला धावू देऊ नकोस, धक्का लागेल. आधी विहीणबाईंपाशी ने. त्यांना वाकता येत नाही, म्हणून तिला उचलून त्यांच्या चेहऱ्यासमोर धर, त्यांचे समाधान होईपर्यंत, तुझे हात दुखले तरी. माझ्यासाठी तिला उचलू नकोस. मी खाली बसेन.

रंभा